भाल्याकडून बॅटीकडे

आपल्याकडे एक म्हण आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या. घरांतील मुलगा चार ठिकाणीं हात घालूं लागला कीं ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडीं येते. आणि मुलगी चार खेळ खेळूं लागली तर ती जरा अधिकच लवकर येते. आज ह्या म्हणीच्या विरुद्ध बाजूनें थोडें बोलावें असा माझा विचार आहे. ज्या मुलीच्या कर्तृत्वामुळें हा विचार सुचला, ती आपल्याच सोलापूर जिल्ह्यांत जन्मलेली. तिचें नांव किरण नवगिरे.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नागपूर येथें महाराष्ट्र आणि पंजाब ह्यांच्या स्त्री-संघांत वीस षटकांचा क्रिकेटचा सामना झाला. महाराष्ट्राला जिंकावयास १११ धांवा हव्या होत्या. हें कांहीं डोंगराएवढें काम नव्हे. एकेक दोनदोन धांवा जमवीत सावकाश खेळलें तरी तें सहज पार पडलें असतें. परंतु सावकाश खेळणें हें किरण नवगिरेच्या स्वभावांत नाहीं. तिनें ३५ चेंडूंत नाबाद १०६ धांवा काढल्या आणि आठ षटकांत सामना संपवून टाकला. त्या १०६ धांवांत १४ चौकार आणि ७ षटकार होते. हिशेब करून पाहा : ९८ धांवा नुसत्या सीमेपार टोल्यांच्या, आणि पळून काढलेल्या उरल्या अवघ्या आठ! शतक पुरें झालें तें चौतिसाव्या चेंडूवर. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाईन ह्यांनीं २०२१ सालीं ३६ चेंडूंत शतक काढून स्त्रियांच्या ह्या प्रकारच्या क्रिकेटांत जागतिक उच्चांक केला होता. तो दोन चेंडूंनीं मागें पडला.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशीं हे आंकडे आले, आपण ते वाचले, कौतुक केलें आणि पान उलटलें. आंकड्यांचा हा एक दोष आहे कीं, ते काय घडलें तें सांगतात, कसें घडलें तें सांगत नाहींत. इतका जोर ह्या मुलीच्या मनगटांत आला कोठून? लहानपणापासून एखाद्या नामांकित गुरूच्या हाताखालीं तिनें बॅट धरली होती काय? तर तसें नाहीं. शेतकऱ्याच्या घरची ही मुलगी आधीं मैदानावर उतरली ती भाला घेऊन. भालाफेंक, गोळाफेंक आणि रिले शर्यत हे तिचे पहिले खेळ. पुणें विद्यापीठाची खेळाडू म्हणून तिची ओळख झाली ती ह्या खेळांमुळें. क्रिकेटची ओढ अर्थात् मनांत होती. २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडे मैदानावर महेंद्रसिंग धोनी ह्यांनीं षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, तो क्षण देशांतील लाखों मुलांप्रमाणें तिच्याहि मनावर कोरला गेला. तरी पण क्रिकेटचें रीतसर शिक्षण तिला मिळूं लागलें तें विशी ओलांडल्यावर. ज्या वयांत आपण मुलीला ‘आतां पुरे झालें’ म्हणतों, त्या वयांत तिचा खरा आरंभ झाला.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, हा अपवाद आहे, आणि अपवादावरून नियम बांधूं नये. म्हणून थोडें मागें जाऊं, आणि प्रथम जरा दूरहि जाऊं.

अमेरिकेंत बेब डिड्रिक्सन नांवाची एक मुलगी होऊन गेली. डॅलस येथील एका विमा-कंपनीच्या बास्केटबॉल संघांत ती खेळे. १९३२ च्या उन्हाळ्यांत ती राष्ट्रीय मैदानी स्पर्धांना गेली. इतर संघांतून मुलींचे थवेच्या थवे आलेले; ह्या कंपनीच्या संघांत मात्र ती एकटीच. एकटीनें इतकें गुण मिळविले कीं सांघिक विजेतेपद तिच्या एकटीच्या ‘संघा’ला मिळालें! त्याच वर्षीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें तिनें भालाफेंकींत आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत सुवर्णपदकें मिळविलीं, आणि उंच उडींत रौप्यपदक. पुढें ती गोल्फकडे वळली आणि अमेरिकेची स्त्रियांची खुली स्पर्धा १९४८, १९५० आणि १९५४ अशी तीन वेळां जिंकली. भाला टाकणाऱ्या हातानें पुढें दुसराच खेळ जिंकावा ही गोष्ट अशी नव्वद वर्षांपूर्वींच जगानें पाहिलेली आहे.

परंतु बेबच्या काळीं स्त्रियांच्या वाट्याला मैदान किती आलें होतें हेंहि पाहिलें पाहिजे. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या धांवण्याच्या शर्यती प्रथम आल्या त्या १९२८ सालीं, ॲमस्टरडॅम येथें. त्यांत ८०० मीटरची शर्यत होती. ती संपल्यावर कांहीं मुली दमून जमिनीवर बसल्या, त्याचा एवढा गवगवा झाला कीं, स्त्रियांच्या नाजूक प्रकृतीला हें झेपत नाहीं असा निवाडा देऊन ती शर्यतच काढून टाकण्यांत आली. दमलेला पुरुष हा शूर ठरतो आणि दमलेली स्त्री दुबळी ठरते, ह्यांतलें तर्कशास्त्र ज्यांचें त्यांनाच ठाऊक! पुढें १९६० पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षें, ती शर्यत परत आली नाहीं. मधल्या काळांत ऑलिंपिकमध्यें स्त्रीला जास्तींत जास्त धांवतां येई तें २०० मीटर.

ह्या २०० मीटरच्या कुंपणांत आपल्या मुंबईच्या एका मुलीनें आपलें आयुष्य घडविलें. त्या मेरी डिसूझा. जन्म १९३१ चा, घर वांद्र्याचें. मार्च १९५१ मध्यें दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडा-स्पर्धा भरल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस होतें. २०० मीटरमध्यें त्यांना कांस्यपदक मिळालें. १०० मीटरमध्यें रोशन मिस्त्री ह्यांनीं रौप्यपदक मिळविलें होतें. ह्या दोघी आणि पॅट मेंडोन्सा व बानू गझदर अशा चौघींनीं मिळून १०० मीटरच्या चौपदरी रिले शर्यतींत जपानच्या मागोमाग दुसरा क्रमांक पटकावला. देश स्वतंत्र होऊन चार वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं, आणि ह्या मुली देशासाठीं पदकें घेऊन घरीं आल्या.

दुसऱ्याच वर्षीं हेल्सिंकीचें ऑलिंपिक होतें. स्वतंत्र भारतानें ऑलिंपिकला स्त्रिया पाठविल्या त्या ह्याच वेळीं प्रथम, आणि त्याहि मोजून चार : धांवण्यासाठीं नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहण्यासाठीं डॉली नझीर आणि आरती साहा. निवड तर झाली. पण जाण्यायेण्याच्या खर्चाचें काय? डिसूझांच्या घरची स्थिति तो भार उचलण्यासारखी नव्हती. तेव्हां वांद्र्याचे शेजारीपाजारी आणि मित्रमंडळी पुढें आलीं. त्यांनीं पत्त्यांच्या खेळांचे आणि नृत्याचे कार्यक्रम केले, तिकिटें खपविलीं आणि पैसा जमविला. मला ह्या प्रसंगाचें राहून राहून कौतुक वाटतें. देशाच्या पहिल्या दोन स्त्री-धांवपटूंपैकीं एक जगाच्या मैदानावर उभी राहिली ती पत्त्यांच्या डावांवर! ह्यांत जितकी मौज आहे तितकीच लाजहि आहे. मौज शेजाऱ्यांच्या वांट्याची, लाज इतर सर्वांच्या.

हेल्सिंकीस त्या १०० आणि २०० मीटरच्या दोन्ही शर्यतींत धांवल्या. पदक मिळालें नाहीं, तें मिळण्यासारखी तयारी करून घेणारी व्यवस्थाच त्या वेळीं नव्हती. पण त्यांची खरी विशेषता पुढेंच आहे. १९५३ सालीं इंग्लंडमध्यें फोकस्टन येथें स्त्रियांच्या हॉकीचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला, त्यांत भारताच्या संघांतून मेरी डिसूझा खेळल्या. आणि १९५४ सालीं मनिला येथील दुसऱ्या आशियाई स्पर्धांत त्या पुनः धांवपट्टीवर हजर! ख्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा ह्या चौघींनीं रिले शर्यतींत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें. दोन निरनिराळ्या खेळांत देशाचें प्रतिनिधित्व करणाऱ्या स्त्रियांत म्हणूनच त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें.

ह्या चौघींपैकीं गोव्यांत जन्मलेल्या स्टेफी डिसूझा ह्याहि धांवण्याबरोबर हॉकी खेळत. स्त्रियांची ४०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्यें प्रथम आली ती १९६४ सालीं टोकियो येथें, आणि त्या पहिल्याच वेळीं भारतातर्फें त्या धांवल्या. म्हणजे पाहा, एकाच संघांतल्या दोघी मुली धांवपटूहि होत्या आणि हॉकीपटूहि. हा योगायोग खचित नव्हे. हॉकीच्या मैदानावर जो झपाटा लागतो तो धांवपट्टीवर तयार होतो, आणि धांवपट्टीवर जी चिवट वृत्ति लागते ती हॉकींत मिळते.

तथापि ह्या कौतुकाला एक काळी किनार आहे, ती झांकून ठेवणें बरें नव्हे. ह्या मुली दोन खेळ खेळल्या त्या केवळ हौसेनें काय? त्या काळीं मुलींसाठीं वर्षाकाठीं स्पर्धाच इतक्या थोड्या होत कीं, एकाच खेळावर विसंबून राहणारीला वर्षाचे बहुतेक महिने हात जोडून बसावें लागलें असतें. स्त्रियांची हॉकी ऑलिंपिकमध्यें आली ती १९८० सालीं, मॉस्को येथें. म्हणजे मेरी डिसूझा हॉकी कितीहि चांगल्या खेळल्या असत्या तरी ऑलिंपिकचें दार त्यांना त्या वाटेनें उघडणारच नव्हतें. एक दार बंद म्हणून दुसरें ठोठावायचें, तेंहि अर्धवट उघडें म्हणून पुनः पहिल्याकडे यायचें, असा हा प्रवास. त्याला आपण अष्टपैलुत्व हें गोंडस नांव देतों. अष्टपैलुत्व तें होतेंच. पण गरजेनें घडविलेलें. सरकारनें त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ सालीं, हेल्सिंकीस एकसष्ट वर्षें झाल्यावर.

मेरी डिसूझांनंतर वीस-बावीस वर्षांनीं मुंबईच्याच आणखी एका मुलीचें नांव गाजूं लागलें. त्या डायना एडलजी. रेल्वेच्या वसाहतींत त्या वाढल्या आणि तेथल्याच अंगणांत चेंडूशीं त्यांची मैत्री जमली. आरंभीं त्या बास्केटबॉल आणि टेबल-टेनिस खेळत, आणि लहान वयाच्या राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत त्यांतून पोंचल्याहि होत्या. ह्याच सुमारास, १९७३ सालीं, भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्या वर्षीं पुण्यास स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ किती? तर तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांच्या त्या इवल्याशा आरंभांतून हिंदुस्थानांतील स्त्रियांचें क्रिकेट उभें राहिलें. विनाआरक्षण दुसऱ्या वर्गाच्या डब्यांतून प्रवास करावा, सामूहिक खोल्यांतून जमिनीवर अंथरूण घालावें आणि सकाळीं उठून देशासाठीं खेळावें, असे ते दिवस होते.

डायना एडलजी १९७६ सालीं भारताकडून पहिली कसोटी खेळल्या. डाव्या हाताची फिरकी गोलंदाजी हें त्यांचें शस्त्र. वीस कसोट्यांत ६३ आणि ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी त्यांनीं घेतले. स्वतः रेल्वेच्या सेवेंत राहून स्त्री-खेळाडूंना तेथें नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्या झटल्या, आणि पुढें रेल्वेचा संघ हा स्त्रियांच्या क्रिकेटांतला आधारवड झाला. सोलापूरसारख्या रेल्वेच्या गांवाला हें निराळें सांगावयास नको कीं, महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार हा घरांत काय बळ देतो. मुलीच्या खेळाला घरचा जो विरोध असतो, तो पुष्कळदां खेळाला नसतोच. तो ‘ह्यांतून पुढें काय?’ ह्या प्रश्नाचा असतो. रेल्वेनें त्या प्रश्नाला उत्तर दिलें. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें २०२३ सालीं एडलजींना आपल्या सन्मान-दालनांत स्थान दिलें.

आतां पुनः आपल्या किरणकडे येऊं. तिलाहि दार शोधावेंच लागलें. महाराष्ट्राकडून खेळून झाल्यावर तिनें पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडचा रस्ता धरला. सोलापूर कोठें आणि कोहिमा कोठें! भाषा निराळी, हवा निराळी, अन्न निराळें. ओळखीचा असा फक्त चेंडू. परंतु नवख्या संघांत एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भरपूर खेळावयास. एप्रिल २०२२ मध्यें अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनें ७६ चेंडूंत १६२ धांवा काढल्या. वीस षटकांच्या सामन्यांत कोणाहि भारतीयानें, मग तो पुरुष असो वा स्त्री, दीडशें धांवांचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या स्पर्धेंत सर्वांहून अधिक धांवा तिच्याच होत्या.

पुढच्याच महिन्यांत, २६ मे रोजीं, पुण्याजवळ गहुंजे येथें स्त्रियांच्या निमंत्रित संघांची स्पर्धा होती. त्यांत तिनें २५ चेंडूंत अर्धशतक आणि ३४ चेंडूंत ६९ धांवा काढल्या. सप्टेंबर २०२२ मध्यें इंग्लंडविरुद्ध भारताच्या संघांत तिचा समावेश झाला. नागालँडकडून खेळणाऱ्या खेळाडूला भारताची टोपी मिळाली ती अशी सोलापूरच्या मुलीमुळें. खरें बोलावयाचें तर त्या पहिल्या मोजक्या सामन्यांत तिच्या हातून मोठी खेळी झाली नाहीं आणि संघांतलें स्थानहि टिकलें नाहीं. हें मी मुद्दाम सांगत आहें. कारण खेळाडूचें चरित्र सांगतांना नुसत्या विजयाच्या माळा गुंफल्या तर ऐकणाऱ्या मुलींना वाटेल कीं, आपण एकदां पडलों म्हणजे संपलों. २०२२ मध्यें बाहेर पडलेल्या ह्या मुलीनें २०२५ मध्यें तो चौतीस चेंडूंचा उच्चांक केला आहे.

मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. २०२३ सालीं स्त्रियांची प्रीमियर लीग सुरू झाली. उत्तर प्रदेशच्या संघानें किरणला तीस लाख रुपयांस घेतलें. ५ मार्च रोजीं पहिल्याच सामन्यांत तिनें ४३ चेंडूंत ५३ धांवा करून संघाचा डाव सावरला. त्या दिवशीं इतर खेळाडूंच्या बॅटींवर कंपन्यांचीं रंगीबेरंगी नांवें होतीं. तिच्या बॅटीवर कोणत्याच कंपनीचें नांव नव्हतें; त्या कोऱ्या लांकडावर हातानें लिहिलेलीं अक्षरें होतीं : एमएसडी ०७. आपल्या आवडत्या धोनींचीं आद्याक्षरें आणि त्यांचा क्रमांक! ज्या जागेसाठीं कंपन्या पैसे मोजतात ती जागा तिनें आपल्या श्रद्धेला देऊन टाकली होती. ह्यांतली गोडी कोणालाहि कळेल; पण त्या कोऱ्या बॅटींत एक प्रश्नहि लिहिलेला होता, तो किती जणांनीं वाचला?

आतां भाल्याचा आणि बॅटीचा संबंध काय, तें थोडक्यांत पाहूं. स्त्रियांचा भाला ६०० ग्रॅम वजनाचा असतो आणि गोळा चार किलोचा. ह्या वस्तु हाताच्या जोरानें फेंकल्या जातात असें पाहणाऱ्यास वाटतें. वास्तविक हात हा शेवटचा. उजव्या हातानें भाला टाकणारी मुलगी धांवत येते, डावा पाय खुंटीसारखा जमिनींत रोवते. त्या रोवण्यानें अडलेली गति कमरेंत येते, कमर वळते, मग छाती वळते, मग खांदा, मग कोपर आणि सरतेशेवटीं मनगट. आसूडाच्या मुठीपाशीं थोडेंच हालतें आणि टोंकाशीं कडाका उडतो, तसाच हा प्रकार. क्रिकेटचा उंच टोला ह्याच रीतीनें बसतो. पुढचा पाय रोवला, कमर वळली, खांदे मागोमाग आले आणि बॅट सर्वांत शेवटीं चेंडूला भेटली, कीं चेंडू सीमेपार. ज्या मुलीनें हजारों वेळां भाला फेंकला आहे तिच्या अंगाला हा क्रम पाठ झालेला असतो. आणि रिले शर्यत तिला आणखी एक गोष्ट शिकविते : आपली धांव आपल्यापाशीं संपत नाहीं, हातांतली कांडी पुढच्या मुलीच्या हातांत नीट गेली तरच ती सार्थकीं लागते.

अर्थात् सर्वच कांहीं एका खेळांतून दुसऱ्यांत नेतां येत नाहीं. भाला वळत नाहीं, चेंडू वळतो. भाला आपण टाकावयाचा असतो, चेंडू दुसऱ्याचा असतो. फिरकी ओळखणें, चेंडूची वाट पाहणें, कोणता सोडावा हें समजणें, हें सर्व नव्यानें शिकावें लागतें आणि तें उशिरा शिकणाऱ्यास जड जातें. किरणच्या आरंभीच्या चढउतारांत हें दिसतें. म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे : पहिल्या खेळांत गेलेलीं वर्षें वाया गेलेलीं नसतात. तें भांडवल असतें. मात्र तें व्यापारांत लावण्याची संधि कोणी तरी योग्य वेळीं दिली पाहिजे.

आणि नेमकें येथेंच आपण कमी पडतों. मेरी डिसूझांना संधि दिली शेजाऱ्यांनीं, एडलजींना रेल्वेनें, किरणला दोन हजारांवर किलोमीटर दूर असलेल्या एका डोंगरी राज्यानें. तिन्ही वेळां दार उघडलें तें अनपेक्षित बाजूनें. ज्यांच्यासाठीं असें एखादें दार उघडलें नाहीं त्या मुलींचीं नांवें आपल्याला ठाऊक नाहींत, आणि तीं कधीं कळणारहि नाहींत. त्या मुली आपल्या गल्लींतच राहतात. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत जी मुलगी शाळेच्या मैदानावर सर्वांच्या पुढें असते, ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मैदानावर दिसेनाशी होते. कोणी तिला मनाई केलेली नसते. अभ्यास वाढलेला असतो, संध्याकाळ लवकर होत असते, खेळावयाच्या कपड्यांवरून कोणी कांहीं बोललेलें असतें, आणि ‘इतके खेळ करून एकांत तरी कोठें पुढें गेलीस?’ असें घरांत कोणी सहज विचारलेलें असतें. एवढें पुरतें.

सोलापूरला क्रिकेट नवें नाहीं. भारतासाठीं कसोटींत पहिलें द्विशतक काढणारे पॉली उम्रीगर ह्यांचें बालपण ह्याच शहरांत गेलें. पार्कच्या मैदानावर संध्याकाळीं आपण फेरफटका मारतों, तेव्हां मुलांचे किती डाव चालले आहेत हें आपल्याला न मोजतां कळतें. मुलींचे किती चालले आहेत हें मात्र मोजावें लागतें, आणि मोजावयास फार वेळ लागत नाहीं. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारताच्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेला ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हां आपण सर्वांनीं फटाके उडविले. उत्सव हा झालाच पाहिजे. पण फटाके उडविणाऱ्या हातांनीं दुसऱ्या दिवशीं मुलीच्या हातांत भाला, चेंडू, हॉकीची काठी, जें तिला हवें तें दिलें काय, हा खरा हिशेब आहे.

त्यासाठीं फार मोठें कांहीं करावें लागत नाहीं. शाळेनें संध्याकाळचा एक तास मैदान मुलींसाठीं राखून ठेवावा आणि त्या वेळीं तेथें दिवा आणि एक जबाबदार बाई असावी. आईबापांनीं मुलीला सोळा वर्षांपर्यंत तरी ‘एकच काय तें धर’ असें सांगूं नये. आणि ती एक खेळ सोडून दुसऱ्याकडे वळली तर तिला चंचल म्हणण्यापूर्वीं, पहिल्या खेळांतून ती काय घेऊन आली आहे तें पाहावें.

म्हणीपासून आरंभ केला, तिच्यापाशींच थांबतों. भाराभर चिंध्या म्हणून आपण ज्यांना नांवें ठेवतों, त्याच चिंध्या आपल्या आज्या दुपारच्या निवांत वेळीं एकीला एक जोडीत बसत, आणि त्यांची गोधडी होई. सोलापूरच्या चादरीची कीर्ति सर्वत्र आहे. पण थंडींत लेकरूं शिरतें तें त्या गोधडींतच. चिंध्या टाकून द्यावयाच्या कीं जोडावयाच्या, हें चिंध्यांवर अवलंबून नसतें. तें सुई हातांत घेणाऱ्यावर असतें; आणि आपल्या मुलींच्या बाबतींत ती सुई, श्रोतेहो, आपल्याच हातांत आहे.